पाचपट वायू

नॉटिंगहॅम
१४ मार्च २००६

प्रिय मीनल,

कशी आहेस? स्टॅनमोरला मामींकडे सगळं ठीक ना? इथे तेच. पाऊस, बिघडलेलं हीटिंग आणि कँटीनमधलं बेचव सूप. गेल्या महिन्यात माझा पीएचडीचा व्हायव्हा झाला. पास झाले, बरं का!

ईमेल तीनदा लिहून डिलीट केला, म्हणून हे पत्र.

दीड वर्षापूर्वी ग्रुप मीटिंगमध्ये तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "वरदा, तुझ्या दीर्घिकांमधला गॅस पाचपट जास्त आलाय." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. थंड हायड्रोजन दिसत नाही, म्हणून आपण कार्बन मोनॉक्साइडचा प्रकाश मोजतो आणि हायड्रोजन किती ते काढायला त्याला एका आकड्याने गुणतो. मी आपल्या आकाशगंगेचाच आकडा वापरला होता. तू म्हणालीस, एकमेकींवर आदळून धडाधड तारे जन्माला घालणाऱ्या दीर्घिकांना तो चालत नाही. तिथे वायू त्या हिशेबापेक्षा कमी असतो, म्हणून लवकर संपतो. त्यावर मी तुझ्याशी बोलणंच टाकलं. तू पीएचडी सोडून लंडनची नोकरी धरलीस, तेव्हा स्टेशनवर सोडायलाही आले नाही.

नंतर गुपचूप सगळी गणितं पुन्हा केली. तुझंच खरं निघालं. अख्खा थीसिस त्या दुरुस्तीवर उभा राहिला. व्हायव्हात एक्झॅमिनरने कौतुकाने विचारलं, "हे कुणाला सुचलं?"

मी म्हणाले, "मलाच."

बाई गं, लिहितानाही लाज वाटतेय.

शेवटी गेल्या शुक्रवारी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. आपल्या गाइडने, एलियटने, सगळं वहीत टिपून घेतलं. मग म्हणाला, "एक्झॅमिनरना मी कळवतो. आणि मीनलच्या सहीशिवाय या कामाचा पेपर छापायला जाणार नाही." पदवीचं काय होईल, ठाऊक नाही. सोबत पेपरच्या लेखकांचा फॉर्म आहे, तुझं नाव माझ्याआधी घातलंय. सही करावीशी वाटली नाही तर खुशाल फाडून टाक. मी पेपर मागे घेईन, कुरकुर करणार नाही.

पण आभार मानू दे. मी फ्लूने पडले होते तेव्हा डब्यातून मऊ भात आणायचीस, माझा डेटाही तूच साफ केलास. आणि त्या दिवशी सगळे माना डोलवत असताना तू एकटी खरं बोललीस. माझ्या भल्यासाठीच बोललीस, आणि मी तुला वैरीण ठरवलं.

तू बरोबर होतीस, मीनल. हे तेव्हाच, त्याच खोलीत म्हणायला हवं होतं.

उत्तर आलं नाही तरी तुझीच,
वरदा