नांगर सोडला त्याची गोष्ट

रविवार, ९ मार्च

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. गाय व्यायली, कालवड झाली. गळकं छप्पर तुमच्या भावाने अजून मनावर घेतलेलं नाही.

तुमचं पत्र वाचलं. ‘बापाची जमीन पडीक टाकलीत’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणून लगेच लिहायला बसले. सांगणाऱ्याने बांधावरून पाहिलं असणार. तिथून तसंच दिसतं. मागच्या पिकाची धाटं आम्ही आता जाळत नाही, नांगरून गाडतही नाही. तशीच पसरून ठेवतो आणि त्यांतूनच बारीक चिरा पाडत यंत्राने बी पेरतो. लोक विचारतात, घरातला झाडूही टाकून दिलास का म्हणून. सुरुवातीला तण असं माजलं की मी रडकुंडीला आले. मग मधल्या काळात चवळी घेतली, तिने जमीन झाकली आणि तणाचं तोंड बंद केलं. यंदा झोडपून पाऊस झाला, तेव्हा शेजाऱ्याच्या शेतातून मातीचा लोंढा वाहत होता. आपल्याकडे पाणी जिरलं. आता तोच शेजारी विचारतो, यंत्र कधी मोकळं आहे.

मग हे आधी का नाही कळवलं, असं तुम्ही म्हणालच.

वन्सं, ह्यांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, औषधाने वाढ मंदावेल, पण बरं व्हायचं नाही. ज्यांच्या नांगराचं सरळ तास बघायला लोक वाटेत थांबायचे, त्यांचं तास वाकडं गेलं. ट्रॅक्टर मधेच बंद करून बसून राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, “ताईला कळवू नकोस. नांगर धरायला तिनेच शिकवलं मला.”

नांगर सोडायचं त्यानंतर ठरलं. लोकांना आम्ही जमिनीचं कारण सांगितलं. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं.

पण आता रोज सकाळी हे धाटं बाजूला सारून ओली माती मला हुंगायला लावतात. गांडुळं तर अशी दाखवतात, जशी ह्यांनीच पाळलीत. इतके खुशीत मी ह्यांना सरळ तासांच्या दिवसांतही पाहिलं नव्हतं.

कापणीला या. हे स्वतः तुम्हाला पाणी आणून देतील. थोडं सांडेल. तुम्ही पेला घ्या आणि शेताचं विचारा.

ह्यांना न सांगता, पण ह्यांच्यासाठीच लिहिणारी,
तुमची भावजय