घंटाघरासाठी प्रयोग

४ जानेवारी
धाकट्या भावाने आज सगळ्यांना त्याने लिहिलेलं नाटक वाचून दाखवलं. बंदरावरचं घंटाघर पडायला आलंय, त्याच्या डागडुजीसाठी गावातली हौशी मंडळी तिकीट लावून प्रयोग करणार. नाटक आमच्या बाबांवर! धुक्याच्या दिवशी नऊ तास घंटा वाजवून पाच होड्या सुखरूप किनाऱ्याला आणणारे बाबा. त्यांचं काम धाकटाच करणार.
नाटकात मुलगी नाहीच.
"ताई, तू प्रॉम्प्टिंग कर. तुझा आवाज खणखणीत आहे."
विंगेत बसून कुजबुजायला खणखणीत आवाज.

९ जानेवारी
त्या धुक्याच्या दिवशी बाबा पिऊन पडले होते. दोर मी ओढला. चौदा वर्षांची होते. तळहात सोलले, भरायला महिना लागला. पदक बाबांना मिळालं. आई म्हणाली, "घरचं घरात राहू दे." राहिलं. छत्तीस वर्षं.
धाकटा सहा वर्षांचा होता, डोळ्यांनी सगळं बघत होता. आणि आता हे लिहितो.

१५ जानेवारी
तालमीला बाबा खुर्ची टाकून समोर बसतात. "दोर असा नाही, खांद्यातून ओढायचा."
तुम्हाला काय माहीत – जिभेवर आलं होतं. गिळलं.

१६ जानेवारी
दोघांचाही संताप येतो. बाकी काही नाही.

२८ जानेवारी
उद्या प्रयोग. तिसऱ्या अंकात धाकटा एका वाक्यावर हमखास अडखळतो. उद्या अडखळला तर मी वाक्य देणार नाही. राहू दे उभा तसाच, सगळ्या गावासमोर.

२९ जानेवारी
अडखळला. दोर हातात धरून "त्या दिवशी मी..." एवढंच बोलला आणि थांबला. माझं बोट वाक्याखाली होतं. तोंड मिटून बसले. लोक खोकायला लागले, मागे कोणीतरी हसलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
धाकटा पहिल्या रांगेतल्या बाबांकडे बघत राहिला. शेवटी बाबा काठी टेकत उठले.
"त्या दिवशी मी शुद्धीत नव्हतो. घंटा माझ्या पोरीनं वाजवली."
आणि खाली बसले. टाळी नाही, काही नाही. मी संहिता तिथेच टाकून मागच्या दाराने घरी आले.

३० जानेवारी
धाकटा संहिता द्यायला आला. आत घेतलं नाही. दारातच सांगितलं, "काल मी मुद्दाम गप्प बसले."
"कळलं मला," म्हणाला. "वाक्य पाठ होतं, ताई. तू दिलं असतंस तरी मी बोललो नसतो."