पंधरावं वर्ष आणि चंदेरी जोडे

सलवा, कुवेत
११ जानेवारी २०२५

ती. विशाखाताईस,
पद्मजाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

कागदावर लिहून फोटो पाठवते आहे, कारण घरच्या ग्रुपवर काही टाकलं की आधी काकू वाचतात आणि मग तू. शिवाय तुला व्हॉइस मेसेज चालत नाही. तू म्हणजे निवृत्त झालेली मुख्याध्यापिका, शाळा मात्र चालूच!

बातमी अशी की आमच्या वरच्या मजल्यावरची शिमेना पंधरा वर्षांची होते आहे. ही माणसं मेक्सिकोची. तिचे वडील रोहेलिओ आमच्या ह्यांच्याबरोबर मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत आहेत. त्यांच्यात मुलगी पंधराची झाली की मोठा सोहळा असतो. घेरदार झगा, डोक्यावर मुकुट, वडिलांबरोबर नाच. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वडील भरल्या हॉलमध्ये गुडघ्यावर बसून मुलीच्या पायातल्या सपाट चपला काढतात आणि उंच टाचांचे जोडे घालतात. म्हणजे झाली मुलगी मोठी. ऐकूनच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शिमेना चार वर्षांची असताना तिची आई गेली, त्यामुळे झगा शिवायचं काम मी मागून घेतलं. अठरा मीटर गुलाबी नेट घरभर पसरली आहे. काल ह्यांच्या डब्यातल्या पोळीतही तिचा तुकडा निघाला.

आपल्या शलाकेनं यातून काही घ्यावं अशी फार इच्छा आहे. बाईसाहेब लग्नालाही ट्रॅकपँट घालून निघतात. तू जरा समजाव, तुझं ऐकते. काकूंना सांगू नकोस.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी पद्मजा

———

सलवा
१३ जानेवारी

ती. मावशीस,
शलाकाचा शि. सा. न. वि. वि. (फुलफॉर्म अजूनही येत नाही, पण मार्क कापू नकोस.)

आईनं तुला लिहिलंय ते मला माहीत आहे, कारण फोटो माझ्या फोनवरून काढला होता. आता माझी बाजू ऐक. आईला सांगू नकोस.

शिमेना आमच्या फुटबॉल टीमची गोलकीपर आहे. मागच्या सीझनमध्ये तिनं अकरा मॅचमध्ये चारच गोल खाल्ले. तिला मुकुट चालेल, झगा पण चालेल, फक्त ते हील्स नको आहेत. ती म्हणते, सगळ्यांसमोर पायात ते घातले की त्याचा अर्थ होतो की आत्तापर्यंत जी होतीस ती संपली, आता हळू चाल. आणि तिला जी आहे तीच मोठी व्हायचंय. माझ्यापाशी रडली, मावशी. पेनल्टी किक नाकावर बसली तेव्हा नव्हती रडली.

पण बाबांना सांगायची हिंमत होत नाही. रोहेलिओ अंकलनी तीन मॉल फिरून एकटेच ते जोडे आणले, चंदेरी, एक्केचाळीस नंबरचे, कारण तिचे पाय मोठे आहेत. रोज रात्री पेटी उघडून बघतात म्हणे. आजी मेक्सिकोहून येणार आहे. ‘नको’ म्हटलं तर सगळा प्रोग्रॅमच मोडेल असं तिला वाटतं. काय करायचं? तू मुख्याध्यापिका आहेस, तुला पोरांचे सगळे प्रॉब्लेम येतात.

लोभ डबल असावा, लवकर लिही.
शलाका

———

नाशिक
१५ जानेवारी

चि. शलाका हिस,
अनेक आशीर्वाद, आणि दहापैकी सात गुण.

तुझ्या आईला मी वेगळं लिहिलं आहे की तुला समजावते. हे समजावणं.

माझी उंची पाच फूट आठ इंच. तुझे आजोबा मला आयुष्यभर सपाट चपलाच घ्यायचे, कारण टाचांवर चढलीस तर स्थळं पळतील म्हणायचे. स्थळं सपाट चपलांतही पळाली. जी पळाली नाहीत त्यांना मी पळवलं, ते सोड. सांगायचं ते इतकंच, की पायात काय घालायचं हे पायाला विचारायची पद्धत आपल्याकडेही नाही. तेव्हा मेक्सिकोला हसू नये.

आता थोडा इतिहास सांगते. तुझ्या आईच्या लग्नात मी तुझ्या बाबांचे जोडे पळवले होते. नवऱ्याचे जोडे पळवणं हा करवल्यांचा हक्क, त्यावर कुणी रागवायचं नसतं. लोक पाकीट मागतात. मी वचन मागितलं, की पद्मजाला दरवर्षी महिनाभर माहेरी पाठवायचं, आणि तेही एकटीला. तुझे बाबा पाऊण तास मोज्यांवर उभे होते. शेवटी हो म्हणाले, आणि आजपर्यंत शब्द मोडला नाही. सांगायचं तात्पर्य, जोडे जागेवर नसले की माणसं बोलायला लागतात.

मी तुला काहीही करायला सांगितलेलं नाही. मी फक्त इतिहास शिकवला आहे.

अभ्यास करणे, मावशीवर लोभ ठेवणे, हे पत्र आईच्या हाती न पडू देणे.
विशाखामावशी

———

सलवा
८ फेब्रुवारी

ती. ताईस,
पद्मजाचा नमस्कार, आणि नमस्कार झाल्यावर भांडण.

तू समजावलंस! काल खालच्या हॉलमध्ये शंभर माणसं. शिमेना माझ्या झग्यात अशी दिसत होती की मी स्वतःचीच दृष्ट काढली. खुर्चीवर बसली, रोहेलिओ गुडघ्यावर टेकले, आजीनं जोड्यांच्या गादीवरचा रेशमी रुमाल उचलला आणि खाली जोडेच नाहीत. आजीनं जी किंकाळी फोडली ती फहाहीलपर्यंत गेली असेल. मी आधी शलाकेकडे पाहिलं. आईला कळतं. ती छताकडे बघत होती.

तेवढ्यात आमचे हे उठले. एरवी सोसायटीच्या मीटिंगमध्येही न बोलणारा माणूस. त्यांनी सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं की आमच्यात हा मानाचा रिवाज आहे, मुलीची मैत्रीण जोडे पळवते, रागवायचं नसतं, किंमत विचारायची असते, आणि मी स्वतः मोज्यांवर उभा राहिलेलो आहे. नवऱ्याचे जोडे हा तपशील त्यांनी गाळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोहेलिओंनी हात जोडून किंमत विचारली. शलाका म्हणाली, शिमेना जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकायचं.

मग ती पोर बोलली. त्यांच्या भाषेत, त्यामुळे मला शब्द कळले नाहीत. पण गोलकीपरच्या हातमोज्यांची खूण कळली. रोहेलिओ तसेच गुडघ्यावर. मग ते जे म्हणाले ते शलाकेनं शिमेनाला विचारून मला नंतर सांगितलं. मुलीला मोठं कसं करतात हे मला माहीत नव्हतं, तुझी आई असती तर तिला विचारलं असतं, म्हणून यादीत होतं ते सगळं आणलं. एवढं बोलून त्यांनी तिचे फुटबॉलचे बूट मागवले. ते तिच्या पायात घातले आणि नाडीला दोन गाठी मारल्या, शाळेच्या पहिल्या दिवशी मारल्या होत्या तशा. माझ्या अठरा मीटर नेटखाली चिखलाचे बूट! तरीही मीच सगळ्यांत जास्त रडले.

नाच झाला. बापाच्या पायावर ती चारदा चढली. आजी अजून कुणाशी बोलत नाही, केक मात्र दोनदा घेतला. शलाकेच्या ट्रॅकपँटबद्दल मी आता काही बोलणार नाही. निदान महिनाभर.

प्रश्न एकच आहे. जोडे कुठे आहेत? रोहेलिओंना ते बायकोच्या फोटोपाशी ठेवायचे आहेत. शलाका म्हणते, घाईत दारातल्या खजुराच्या पिशवीत कोंबले. ती पिशवी तुझ्यासाठी होती. ह्यांच्या ऑफिसातले नाशिकचे दत्तप्रसाद सुट्टीवर निघाले होते, ते हॉलमधून परस्पर विमानतळावर गेले आणि जाताना ती घेऊन गेले.

राग निवळल्यावर लोभ पूर्ववत होईल.
पद्मजा

———

नाशिक
१० फेब्रुवारी

चि. सौ. पद्मजा व चि. शलाका, दोघींना एकत्रच आशीर्वाद. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

दत्तप्रसाद काल येऊन गेले. कस्टमवाल्यांनी पिशवी उघडली तेव्हा हे कुणाचे म्हणून विचारलं. ते म्हणाले, एका सेवानिवृत्त मुख्याध्यापिकेचे. अधिकारी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला म्हणे.

रोहेलिओंना कळव की जोडे सुखरूप आहेत, मी ते पळवलेले नाहीत, ते चालत आले आहेत. तरी रिवाज तो रिवाज. परत हवे असतील तर मे महिन्यात दोन्ही पोरींना माझ्याकडे पाठवावं, पायात काहीही घालून. जोडे त्यांच्याबरोबर परत देईन. फोटोपाशी त्यांचीच जागा आहे.

मे महिन्यापर्यंत मात्र माझ्याकडे. काल कडी लावून घालून पाहिले. एक्केचाळीस नंबर, अगदी मापाचे. भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत गेले, येताना भिंत सोडली. साठाव्या वर्षी मी पाच फूट अकरा इंच झाले आहे. ओट्यावरच्या खिडकीतून मला पहिल्यांदाच शेजारच्यांची गच्ची दिसली. त्यांनी तिथे शेवग्याच्या शेंगा पसरून ठेवल्या आहेत, आणि मला दरवर्षी सांगतात की यंदा झाडाला शेंगाच नाहीत.

लोभ असू द्या. मी सध्या जरा उंचावरून करते आहे.
विशाखा

ता. क. काकूंना सांगू नये.