राहू दे, मी बघते

ती. आईस,

तुझ्या शेंडेफळाचा नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

हेडबाई झाल्यापासून माझ्या तोंडी तुझंच वाक्य बसलं होतं: "राहू दे, मी बघते." नळ गळला, मी बघते. पालक भांडायला आले, मी बघते. शिक्षक मोकळे, आणि संध्याकाळी माझा पार चोथा!

आम्हा खेड्यांतल्या नव्या हेडबाईंना तयार करायला जिल्ह्याने एक निवृत्त मुख्याध्यापिका नेमल्या आहेत. त्या दिवसभर माझ्या शाळेत नुसत्या बसून राहिल्या. जाताना म्हणाल्या, "उद्या तुम्हाला ताप आला तर शाळा कोण चालवेल? आता 'मी बघते' बंद. 'तुम्ही काय कराल?' असं विचारत जा."

जीभ चावत दिवस काढले गं! गणिताचे सर आधी गोंधळले. मग भांडायला आलेल्या पालकांची त्यांनीच समजूत घातली, आणि माझ्यापेक्षा चांगली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

गुडघ्याबद्दल तू पत्रात चकार शब्द काढला नाहीस, पण ऑपरेशनचं दादा फोनवर बोलून गेला. रजा कशी घ्यावी, या विचाराने माझी झोप उडाली होती. सरांना कुठून कळलं कोण जाणे. म्हणाले, "बाई, खुशाल जा. शाळा आम्ही बघतो."

मला तिथेच रडू आलं.

शनिवारी पोचते. तोवर ओट्यापाशी उभी राहू नकोस. आणि मी आल्यावर ते तुझं वाक्य म्हणायचं नाही. आता मी बघते.

तुझं,
हेडबाई झालेलं शेंडेफळ