सावळबर्डीचा कल्हईवाला

रविवार, १ सप्टेंबर १९६३, अकोला

पोचलो एकदाचा! बदलीचा हुकूम आला तेव्हा मित्रांनी मी अंदमानला निघाल्यासारखे चेहरे केले होते, पण मी मजेत आहे. जठारपेठेत जाईबाई नावाच्या विधवेकडे ऐसपैस खोली मिळाली. पुढे ओसरी, मागे विहीर, खिडकीशी कडुनिंब. पुण्यात एवढ्या जागेत तीन बिऱ्हाडं नांदली असती. सिंधू महिनाअखेरच्या रविवारी सकाळच्या गाडीने येईल. लग्नाला दोन वर्षं झाली, पण आमचं दोघांचं असं घर कधी नव्हतंच. आईचं स्वयंपाकघर आणि भावाच्या पोरांचा गोंगाट यातच दिवस गेले. तिला हे अंगण दाखवण्याची मला फार घाई झाली आहे.

शेजारच्या खोलीत नत्थुजी राहतो. दवाखान्यात कंपाउंडर, चाळिशीचा, एकटा जीव. त्याने न सांगता माझी ट्रंक आत आणली, माठ भरला, आणि 'सायेब, चहा घेता का जी?' असं विचारलं. इतका भला माणूस बहुधा मठ्ठ असतो.

गुरुवार, ५ सप्टेंबर

पाटबंधाऱ्याच्या कचेरीत माझं बस्तान बसलं. मी तोंड उघडलं की बाकीचे कारकून गप्प होतात. त्यांचं ते 'मले', 'तुले', 'करून राहिलो' ऐकून माझे कान किटतात. आज एकाचा अर्ज मी सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. शिकेल हळूहळू.

संध्याकाळी नत्थुजी चहा घेऊन आला आणि लाजत लाजत म्हणाला की दर रविवारी दुपारी त्यांची मंडळी जमतात आणि सोंगं घेतात. ना प्रेक्षक, ना लिहिलेलं नाटक. सावळबर्डी नावाचं एक गाव त्यांनी मनानेच वसवलं आहे, आणि त्यात प्रत्येकाचं एकेक सोंग गेली कित्येक वर्षं राहतं, कमावतं, भांडतं. मोठी माणसं घर-घर खेळतात! हे पाहायलाच हवं. सिंधूला पत्रातून हसवता येईल.

रविवार, ८ सप्टेंबर

मोर्णा नदीच्या काठी एक जिन आहे, कापसातून सरकी काढायचा कारखाना. कापूस यायला अवकाश असल्यामुळे शेड रिकामी, कोपऱ्यात जुनी सरकी सांडलेली. तिथे मास्तर, पोस्टातले बाबू, एक ओव्हरसियर असे पंधरावीस जण. दाराशी सूर्यभान तायडे वकील उभे होते. ते या खेळाचे राखणदार. आपण छप्पन सालापासून बौद्ध, हे त्यांनी ओळख सांगतानाच सांगून टाकलं. मी चेहरा बदलू दिला नाही, एवढी सभ्यता माझ्यात आहे.

दाराशी एक गंमतच चालते. आपलं पूर्ण नाव राखणदाराला मोठ्याने सांगायचं. तो म्हणतो, 'ठेवलं.' मग आत जायचं. खेळ संपला की तो एकेक नाव पुकारतो, ज्याचं असेल त्याने 'माझं' म्हणायचं, तो 'घे' म्हणतो, आणि त्यानंतरच बाहेर पडायचं. मी 'दिगंबर आठल्ये' असं सांगितलं. वकिलांनी 'ठेवलं' म्हटलं तेव्हा मला हसू आवरेना. अंगातला कोट ठेवायला दिला असता तर पावती तरी मागितली असती.

मग नव्या माणसासाठी प्रवचन. आतला राग आत ठेवायचा, आतल्या सोंगाने शिवी दिली तर बाहेर ती त्या माणसाने दिली असं धरायचं नाही. दुसऱ्याच्या सोंगाचं काय व्हावं हे आपण ठरवायचं नाही. त्याचा हात मोडायचा असला तरी आधी विचारायचं, आणि मरण तर त्याच्या तोंडच्या होकाराशिवाय नाहीच. मी जांभई दिली. ती वकिलांना दिसली. 'मी कोर्टातून थकून येतो न हे फुकट करून राहिलो,' ते म्हणाले. 'मले यातून काईच भेटत नाही. नियम माझ्या हौसेचे नाहीत जी. तुमी जसे आले तसेच घरी जावे, म्हनून आहेत.' आवाजात थेट तुच्छता होती. एका मोफतच्या चौकीदाराची मिजास!

सोंग निवडताना मी जहागीरदार मागितला. मिळाला कल्हईवाला. नवा माणूस म्हणे पायी येतो, फिरस्ता म्हणून, आणि हळूहळू गावाचा होतो. नत्थुजी आत धोंडबा गाडीवान असतो. चार वर्षं रविवारमागून रविवार राबून त्याने बैलांची पांढरी जोडी मिळवली आहे. नसलेल्या बैलांच्या पाठीवरून तो हात फिरवत होता आणि चेहऱ्यावर असं सुख होतं की मला त्याची दया आली. तिथे मी दुपारभर नसलेल्या झाडाखाली नसलेला भाता घेऊन बसलो. शेवटी माझं नाव पुकारलं तेव्हा 'माझं' म्हटलं आणि घरी आलो.

रविवार, १५ सप्टेंबर

आज मी त्या खेळाचे बारा वाजवले आणि मला जराही वाईट वाटत नाही.

पुन्हा तासभर झाडाखाली. गावातल्या बायका भांडी आणतील तेव्हा माझी पाळी, असं सांगितलेलं. त्या आल्याच नाहीत. धोंडबा झालेला नत्थुजी तेवढा जवळ आला आणि म्हणाला, 'चाल बापा, गाडीत बस, पुढच्या गावाले सोडून देतो.' बापा! मला! माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि खणखणीत आवाजात सांगितलं की नाल्याला पूर आला आहे, गाडी उलटली, बैल वाहून गेले आणि धोंडबा बुडून मेला.

नत्थुजी माझ्याकडे काहीतरी विचारायचं राहिल्यासारखा बघत राहिला. मग तो सावकाश खाली बसला आणि सरकीत आडवा झाला. वकील धावत आले. त्याला विचारलं होतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नसलेल्या माणसाला काय विचारायचं? त्यांनी मला तिथेच बसून राहायला आणि नाव परत घेतल्याशिवाय न हलायला सांगितलं. मी म्हणालो की माझं नाव माझ्यापाशीच आहे, ते तुमच्यासारख्यांच्या हाती ठेवण्याइतकं स्वस्त नाही, आणि निघून आलो. 'तुमच्यासारख्या'चा अर्थ त्यांना कळला. कळावा म्हणूनच बोललो होतो.

सिंधूसाठी पडद्याचं कापड घेतलं. निळी फुलं आहेत.

सोमवार, १६ सप्टेंबर

नत्थुजीने आज चहा आणला नाही. रुसला असेल. ओसरीवर दिसला, डोक्याला माझ्यासारखीच काळी टोपी. मी हाक मारली, तर त्याने मान वळवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ही नजर मी ओळखतो. कचेरीत नव्या कारकुनाकडे मी असाच बघतो.

बुधवार, १८ सप्टेंबर

बोटांच्या टोकांना काजळी. साबणाने जात नाही. खोलीत कसलासा उग्र वास येतो, नाक झोंबतं. जाईबाईंना विचारलं तर म्हणाल्या, नवसागराचा असेल. तो इथे कुठून येणार? भांड्याला कल्हई लावतानाच तर वापरतात.

शेजारच्या खोलीत नत्थुजी मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होता. उच्चार स्वच्छ. एकही चूक नाही. इतकं शुद्ध तो कधी शिकला?

शुक्रवार, २० सप्टेंबर

सकाळी दाराशी दोन पितळी पातेली आणि एक परात. जाईबाई सांगून गेल्या, चांगली लाव, मागल्या वेळेसारखी उडून नको जाऊ देऊ. मी चिडून विचारलं की कोणाशी बोलता आहात? त्या आधी दचकल्या आणि मग हसल्या. भांडी मी लाथेने उडवली. गावंढळ बाई!

कचेरीत माझ्या खुर्चीवर नत्थुजी बसला होता. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. शिपायाने मला दाराशीच अडवलं आणि कल्हईवाल्यांनी मागच्या बाजूने यावं असं सांगितलं. मी माझं नाव सांगितलं. तो म्हणाला, सायेब आत बसले आहेत, त्यांच्या नावाने हिंडू नको. ज्याचा अर्ज मी वाचून दाखवला होता तो कारकून हसला, सर्वांत मोठ्याने.

रविवार, २२ सप्टेंबर

जिनात गेलो. पाय धरायला नव्हे, जाब विचारायला. वकील शेड झाडत होते. त्यांनी झाडू ठेवला नाही.

त्या दिवशी काय झालं ते त्यांच्याकडून कळलं. मी गेल्यावर सगळ्यांनी आपापली नावं घेतली. नत्थुजी तेवढा उठेना. दिवेलागणीपर्यंत वकील त्याचं नाव पुकारत राहिले. श्वास चालू होता पण ओ नव्हती. धोंडबा मेला आणि नत्थुजी त्याच्या आत अडकला, कारण त्याला कोणी विचारलंच नव्हतं, त्याला बाहेर यायला सवड मिळालीच नाही. उरलेलं शेवटचं नाव माझं होतं. मी बाहेर उभा असेन या आशेने त्यांनी तेही पुकारलं. सरकीतून नत्थुजी उठून बसला आणि म्हणाला, 'माझं.' आणि वकिलांच्या तोंडून इतक्या वर्षांच्या सवयीने 'घे' निघून गेलं.

चूक आपली, हे त्यांनी मान्य केलं, पण जेवण जरा खारट झालं असं कबूल करावं तितक्याच सहजपणे. मी म्हटलं, परत मागा. त्यांनी पहिल्यांदाच मला तू म्हटलं. 'मागू कोनाले? नत्थुजीले इचारलं असतं. त्याले तर तूच मारलं.' ज्याने नाव घेतलं तो आपणहून देईल तर मिळेल, एरवी नाही.

मग मी पाय धरले. हो, धरले. त्यांनी ते सोडवले आणि पुन्हा झाडू लागले.

मंगळवार, २४ सप्टेंबर

जाईबाईंनी माझी ट्रंक त्याच्या हवाली केली. त्याने माझी खोली घेतली. त्याच्या खोलीला कुलूप आहे. जाईबाई डोळ्यांना पदर लावून सांगतात की नत्थुजी गरीब होता हो, नाल्यात बुडून गेला.

मी कडुनिंबाखाली आहे. रोजनिशी भात्याच्या पिशवीत लपवली. भाता कुठून आला? — माझाच आहे. माझा कसा असेल?

त्याच्यापाशी गेलो. माझं नाव दे म्हणालो. विनवलं. त्याने माझे शब्द मधेच थांबवून दुरुस्त केले.

गुरुवार, २६ सप्टेंबर

सिंधूला पत्र लिहायचं. येऊ नकोस. पत्त्याची पहिली ओळ लिहिली — पाठवणाऱ्याचं नाव —

वर कुणीतरी 'मले भूक लागली' असं लिहिलं आहे. माझंच अक्षर. हे मी लिहिलेलं नाही.

खिडकीत निळ्या फुलांचा पडदा लागला. त्याने लावला.

शनिवार, २८ सप्टेंबर

चार भांडी केली. आच बरी बसली. कथील छान चढतं — चांदीसारखं — नाही, नाही. उद्या गाडी. ती मला ओळखेल. ओठ, कान, डोळे, सगळं तेच आहे. बायको ओळखणार नाही तर कोण? हे गावंढळ फसले. ती पुण्याची आहे.

रविवार, २९ सप्टेंबर

सकाळी स्टेशनावर गेलो. तो काळी टोपी घालून उभा होता. गाडी थांबली. ती उतरली, तीच हिरवी साडी. मी ओरडलो — सिंधू म्हणून ओरडलो — तोंडातून निघालं, 'कल्हई लावा, कल्हई!'

ती दचकली. त्याच्या मागे झाली. म्हणाली, अहो, इथले लोक किती अंगावर येतात.

दुपार. ती अंगणात आली. दोन वर्षांत इतकी हसलेली पाहिली नव्हती. घर आवडलं तिले. ट्रंकेतून लग्नातलं पातेलं काढलं, माझ्यापुढं ठेवलं — हात लागू नये म्हणून लांबून. आतून लख्ख पाहिजे म्हणाली. अन् काठावर ह्यांचं नाव कोरलंय, माझ्या बाबांनी कोरून घेतलंय, ते घासून घालवू नका म्हणाली. मले म्हणाली.

आच पेटली आहे. नवसागर टाकला, धूर — डोये भरून आले.

नाव आहे. इथंच आहे. काठावर बोट फिरवून राहिलो. अक्षरं हाताले लागतात. वाचतो. थांब, वाचतो, पयलं अक्षर —