माझी पाळी आली की

आये, मला विसरली असशील. तू जिवंत होतीस तेव्हा तरी कुठे लक्षात असायचे मी? हाक मारताना आधी शेजारणीच्या पोरीचं नाव तुझ्या तोंडात यायचं, मग म्हशीचं, मग माझं. मला अक्षर येत नाही, नात लिहून घेतेय. तिच्या हापिसात साहेब समोर बसवून सांगतो, तुझं काम कसं आहे. मला समजावत होती, जणू नवीनच काही. मी म्हटलं, अगं, हे माझ्या आयेने कळव्याच्या मिठागरात कधीच केलेलं, नि त्यात मी हेव्याने जळून कोळसा झालेली.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, मिठागराला नवा शेठ आलेला. मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बायांची तू मुकादमीण. शेठ म्हणाला, "कोण कामाची, कोण कामचुकार, कानात सांगत जा." तू म्हणालीस, "कानात लावालावी होते, शेठ. मी तोंडावर सांगेन, सगळ्यांसमोर." मग दर अमावस्येला बाया मिठाच्या राशीपाशी बसायच्या, तू एकेकीला उभी करायचीस. आधी चांगलं, मग खोट, मग पुढल्या अमावस्येपर्यंत काय सुधारायचं ते. पटलं नाही तर उलट बोलायची मुभा. शेजारणीची पोर उभी राहिली की तुझा आवाजच बदलायचा, "हिच्या पाटीत चिखलाचा कण सापडायचा नाही." माझी पाळी आली की, "ही माझी पोर, हिचं मी बोलणार नाही. आपलं माणूस डोळ्याला कधी मोठं दिसतं, कधी बारीक. दुसरी कुणी सांगा." आणि सांगायला उठायची कोण? तीच! वर गोड बोलायची मेली, "हिची पाटी माझ्याहून भरलेली असते, मावशे." तू खाली मान घालून बसायचीस.

तुझे गुडघे गेले तेव्हा शेठने विचारलं, आता मुकादमीण कोण? बायांनी माझ्याकडे पाहिलं. तू तिचं नाव घेतलंस. घरी मी भांडं आपटलं, तर म्हणालीस, "तुझं घेतलं असतं, तर माझं आजवरचं बोलणं कुणी खरं मानलं असतं गं?" बरोबर होतं. पण मला न्याय नको होता, तुझ्या तोंडचा एक शब्द हवा होता. नुसती खोट काढली असतीस तरी चाललं असतं.

गेल्या शिमग्याला तीही गेली. म्हणजे आता तुझ्याशेजारी बसून आपली स्तुती ऐकत असेल. नात विचारते, पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? म्हटलं, ठेव माझ्या उशीखाली. या वयातही मी जळतेय, तेवढं मात्र नीट लिही. आणि आये, पितरांच्या दिवसांत आम्ही पान ठेवतो, कावळा घेऊन जातो, नि येतो तो रिकाम्या चोचीने. यंदा त्याच्याबरोबर सुकटाची चटणी पाठव, लसूण सढळ घालून. माझा वाटा आधी काढ, मग तिला वाढ.