दाजी सीटवरून उठेनात

शाहूपुरी, कोल्हापूर
फेब्रुवारी २००७

तीर्थस्वरूप आक्कास, धाकट्या महांतेशाचे शरणु शरणार्थ.

इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो; खरं-खोटं पुढचं वाचून तूच ठरव. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस का, की बाटली नुसती कोनाड्यात पूजेला ठेवलीयस? फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तर दाजींच्या गाडीचं नाव काढलं की तू "गॅसवर दूध हाय" म्हणून फोन ठेवून देतेस. (सकाळ, दुपार, संध्याकाळ दूधच! म्हशी तरी किती हायत तुझ्या?) पत्राचं तोंड तसं दाबता येत नाही.

विद्याश्रीची पाठवणी आपल्या लाल गाडीतूनच करणार, हा दाजींचा शब्द साऱ्या शिरोळला माहीत आहे. दाजी गेले आणि शब्द माझ्या गळ्यात पडला. पोरगी म्हणते, अप्पांची गाडी नसेल तर मी चालत जाईन. तू म्हणतेस, पाडव्यापर्यंत झाली नाही तर भंगारात घाला. मायलेकींच्या मध्ये माझं पार भरीत झालंय. म्हणून तर ते दोन सीटांचं, बिनटपाचं, पन्हाळ्याच्या कुठल्याशा सरकारांच्या बंगल्यातून दाजींनी हौसेनं आणलेलं धूड मी तुझ्या गोठ्यातून उचलून उद्यमनगरात पिराजी मिस्त्रीच्या शेडमध्ये आणलं. पिराजी म्हणजे तोच, जो ऐकायच्या आधी "न्हाय" म्हणतो आणि ऐकून झाल्यावर "बघू की" म्हणतो.

आता गाडीचं दुखणं सांगतो. दाराखाली दोन्ही बाजूंना पत्र्याचा एकेक लांब पोकळ खोका असतो. पिराजी त्याला उंबरा म्हणतो. टप नसलेल्या गाडीचा सगळा भार त्या दोन उंबऱ्यांवर. दोन वर्षांमागच्या महापुरात कृष्णामाई गाडीत शिरली ती त्या उंबऱ्यांतच मुक्कामाला राहिली. वरून रंग झकास, आतून गंजून चाळण. पिराजीनं बोट लावलं तर बोट आत गेलं. तो म्हणाला, कुजका उंबरा कापून नवा बसवायचा, पण कापायच्या आधी ड्रायव्हरची सीट काढून तिथं आडवेतिडवे पाईप वेल्ड करायचे, न्हायतर गाडी मधनं मोडती.

सीट काढायची? आक्का, मी सरळ नाही म्हटलं. तुला सांगतो, त्या सीटवर अजून दाजींच्या बसण्याचा खड्डा आहे. पुराचं पाणी येऊन गेलं, ऊन खाल्लं, पण खड्डा तसाच. (हात ठेवून बघितला. ऊबदार होता. पत्र्यानं तापला असेल, शेडमध्ये गरमी फार.) आपल्यात माणसाला माती देतानासुद्धा बसवूनच देतात. दाजी तर आपल्याच मळ्यात, उसाकडं तोंड करून बसलेत. बसलेल्या दाजींना उठवणारा मी कोण टिक्कोजीराव? पिराजी म्हणाला, "मालक, त्यो माणूस न्हाय, सीट हाय." मी म्हटलं, तुझी अक्कल तुझ्याजवळ ठेव आणि खाली विटा रच. विटा रचल्या. उजवा उंबरा कापायला घेतला. ठिणग्या उडून दाजींची सीट जळू नये म्हणून मी तिच्यावर ओलं पोतं धरून डाव्या सीटवर बसलो.

उंबरा कापून निघाला आणि आतून गाळ पडला. आक्का, इतक्या दिवसांनी तो गाळ ओला! वास थेट आपल्या मळ्याचा. आणि त्यात उसाचं एक कांडं, त्याला अंधारात फुटलेला पांढराफटक कोंब. पिराजीनं बिडी विझवली. तेवढ्यात गाडीनं कण्हल्यासारखा आवाज केला आणि मधनं खाली बसली. दोन्ही दारं जबडा मिटावा तशी आवळली, त्यात माझ्या सदऱ्याचं टोक सापडलं. ओढलं तर गाडी सोडेना! शेवटी सदरा तिथंच ठेवून बनियनवर उडी मारली. समोर चहाच्या गाड्यावर निम्मं उद्यमनगर उभं. एकानं विचारलंच, "काय पावणं, गाडी घ्यायला आलाय का द्यायला?" हसून घे, हसून घे.

पण पुढं हसू नको. जॅक लावून गाडी पुन्हा सरळ करायला घेतली. डावी बाजू बोट लावताच वर आली. उजवी हलेना. ट्रकचा जॅक आणला, तरी उजवी जागची हलेना, कुणीतरी ऐसपैस मांडी घालून बसल्यासारखी. आणि मग भर दुपारी, वेल्डिंग बंद, सगळे गप, अशात डाव्या दारावर आतून वाजलं. टक, टक, टक. दाजी गाडीत बसून चहासाठी अंगठीनं वाजवायचे ना, अगदी तसं. पिराजी म्हणाला, तापलेला पत्रा निवताना वाजतो. मी म्हटलं, बाबा, तापवला तो उजवा, वाजतोय डावा. त्यावर तो गडी हातपाय धुऊन घरी गेला. दुपारीच! मी घाबरलो नाही. फक्त आता शेडमध्ये जाताना मोठ्यानं "दाजी, मी महांतेश" म्हणून जातो, एवढंच.

थोरांना शरणार्थ, विद्याश्रीला आशीर्वाद.

तुझा,
महांतेश

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. तू सोमवारी ये. दाजींना म्हणावं, उतरा आता, पोरीची गाडी व्हायची हाय. आमचं कुणाचं त्यांनी कधी ऐकलं नाही, तुझं ऐकायचे. येताना शेंगाचटणी आण. पिराजी तुझं नाव ऐकून परत यायला तयार झालाय, तो चटणीसाठी.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवलेलं फोडून लिहितो. भुताबिताचं सगळं रद्द समज. पिराजी कालच आला आणि उजव्या दारामागच्या खांबाचं बूड त्यानं उकरलं. आत गाळ बसून दगड झाला होता, त्यानं सगळं आवळून धरलं होतं. गाळ काढला, गाडी वर आली. मग मी नमस्कार करून सीट काढू दिली, पाईप लागले, दारं मोकळी झाली. तेव्हा दाजींना उतरवायला तू यायची गरज नाही.

फक्त एक राहिलंय. डाव्या दारावरचं वाजणं थांबलेलं नाही. आधी आतून यायचं, आता बाहेरून येतं. काल रात्रभर मी त्यावर विचार केला. दाजी डाव्या दारावर वाजवायचे ते चहासाठी, असं आपण सगळे समजत होतो. तू चहा द्यायचीस, ते म्हणायचे, "बस की गं, पन्हाळ्यापतुर जाऊन येऊ," आणि तू म्हणायचीस, उघड्या गाडीत, साऱ्या गावानं बघायला? कधी बसली नाहीस. आक्का, मला वाटतं दाजी उतरलेत. दार धरून उभे आहेत. तू ये, आणि एकदा बस.